कापलेला कोपरा

पहिल्याच दिवशी चिमीचा पार हिरमोड झाला. बँकेत उन्हाळी इंटर्नशिप म्हटल्यावर तिनं मनात काय काय रंगवलं होतं. काचेची केबिन, बैठका, आणि सुट्टी संपल्यावर कॉलेजात मिरवायला झकास अनुभव. मिळालं काय, तर मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट, त्याचे बारा खण आणि खणांत ठासून भरलेली सह्यांची कार्डं. जुन्या काळी खातं उघडताना जाड कार्डावर फोटो चिकटवून त्याखाली नमुन्याची सही घेत. ती हजारो कार्डं एकेक करून स्कॅन करायची, बस्स.

खोलीत एक कुरकुरता पंखा होता, दोन टेबलं होती आणि निवृत्तीला वर्ष उरलेल्या एक मॅडम होत्या. शाखेतले लोक त्यांना पाठीमागे कात्रीबाई म्हणत. का, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. खातेदार वारला आणि घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणून दिला, की मॅडम त्याचं कार्ड काढत, वरचा उजवा कोपरा कात्रीनं तिरका छाटत आणि मागे पेन्सिलीनं तारीख लिहीत. छाटलेला तुकडा टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात जाई. कोपरा नसलेलं कार्ड दिसलं की कुणालाही न विचारता समजायचं, माणूस गेला.

"तुकडे कशाला साठवता मॅडम?" चिमीनं विचारलं.

"माझ्या आधीचे साहेब साठवायचे. पद्धत आहे." मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "आणि एक लक्षात ठेव. कार्ड या इमारतीच्या बाहेर जायचं नाही. बाकी काही चुकलं तर मी सांभाळून घेईन."

घरी आल्यावर तिनं सगळी कर्मकहाणी आईला ऐकवली. घरात दोघीच. बाबा पाच वर्षांपूर्वी अचानक गेले, तेव्हापासून आई शाळांचे गणवेश शिवायची आणि त्यावरच चिमीचं कॉलेज चाललं होतं. आई मशीनवरचा उरलेला निळा दोरा औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गुंडाळत होती.

"आणि स्कॅन झाल्यावर त्या कार्डांचं काय करतात गं?"

"काय करणार? रद्दीत जातील एक दिवस."

"मग आण की चार माझ्यासाठी. हे पुठ्ठे लगेच मोडतात."

"आई, बँक आहे ती! वाण्याचं दुकान नाही."

दोघी खूप हसल्या.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांच्या कार्डाचं प्रकरण झालं. निवृत्त शिक्षक, फोटोत जाड चष्मा, सही एकदम मोत्यासारखी. सोमवारी चिमीनं ते स्कॅन केलं. मंगळवारी तपासताना क्रमांक पुसट आलेला दिसला, म्हणून तिनं कार्ड पुन्हा काढलं, तर वरचा कोपरा छाटलेला. तिनं कालचं स्कॅन उघडून पाहिलं. सोमवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. चारही कोपरे शाबूत.

तिनं कार्ड उलटलं. मागे तारीख नव्हती.

"मॅडम, हे तुम्ही कापलंत?"

मॅडमनी कार्डाकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "ठेव परत जागेवर."

"पण दाखला?"

"येईल."

त्याच दिवशी दुपारी चिमी पाणी प्यायला बाहेर आली, तर काउंटरपाशी मास्तर स्वतः उभे! तोच चष्मा. नव्या चेकबुकाची चौकशी करत होते आणि रोखपालाची फिरकी घेत होते, "माझा नातू तुझ्यापेक्षा लवकर मोजतो रे." चिमीला हायसं वाटलं. कुणाची तरी चूक झाली असणार, मॅडमचं वय झालंय, असं म्हणून तिनं विषय झटकून टाकला.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा मुलगा दाखला घेऊन आला. दाखल्यावर तारीख होती बुधवारची.

चिमी मुळात हिशेबी डोक्याची पोरगी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मैत्रिणींना ती उडवून लावायची. तिनं वही केली. रोज सकाळी बाराही खण चाळायचे, कापलेलं नवं कार्ड दिसलं की नोंद करायची आणि दाखला आल्यावर तारीख ताडून पाहायची. पुढच्या तीन आठवड्यांत अशी चार कार्डं सापडली. एक तर पंचविशीतल्या खेळाडूचं होतं. कोपरा गेला तो पहिला दिवस धरला, तर चौघंही तिसऱ्या दिवशी गेले होते. तिनं वही मिटून मॅडमपुढे ठेवली.

"मॅडम, खरं सांगा, रात्री इथं कोण येतं?"

"कुणी नाही. किल्ली माझ्याकडे असते." मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. "नोकरीला लागले तेव्हा मीही वही केली होती. दाखला आल्यावर जी आपण कापतो, त्यांच्यावर तारीख असते. बाकीची अशीच सापडतात. त्यांचे तुकडेही डब्यात आधीच येऊन पडलेले असतात."

"आणि तुम्ही गप्प बसता?"

"काय करू? घरी जाऊन सांगू त्यांच्या?" मॅडमनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "एकदा गेले होते. त्या माणसानं मला चहा पाजला. पोरांचे फोटो दाखवले. मला तोंड उघडवलं नाही."

त्या संध्याकाळी मॅडम निघायच्या तयारीत असताना चिमीनं सातवा खण ओढला. आई-बाबांची खाती याच शाखेत होती, पण बाबांचं कार्ड काढून बघायचं ती इतके दिवस टाळत होती. बाबांचं कार्ड चटकन सापडलं. फोटोत बाबा आत्ता हसतील असे वाटत होते. कोपरा छाटलेला होता, तो असणारच. तिनं कार्ड उलटलं.

मागचा भाग कोरा होता.

तिला तिथंच भडभडून आलं. बाबा त्या शेवटच्या दोन दिवसांत तिला सायकल शिकवत होते आणि हे कार्ड इथं असं पडलेलं होतं. कुणीतरी ते बघितलंही असेल. तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली.

बाबांच्या मागेच आईचं कार्ड होतं. चारही कोपरे शाबूत.

मॅडम पर्स भरायला वळल्या आणि चिमीनं ते कार्ड ओढणीत धरून बॅगेत सरकवलं. जे काही होतं ते या कपाटात होतं. कार्डच इथं नसलं तर कापणार काय? दारात शिपाईमामा म्हणाले, "काय इंटर्नबाई, आज घाई?" ती कशीबशी हसली.

घरी तिनं कार्ड ऑडिटिंगच्या पुस्तकात दडवलं. त्या पुस्तकाला ती स्वतःच कंटाळायची, आई कशाला हात लावतेय! रोज रात्री ती हळूच उघडून बघायची. चार कोपरे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मॅडमनी काही विचारलं नाही. चिमीची भूक परत आली. आपण जिंकलो, असं तिला वाटायला लागलं.

इंटर्नशिप संपायच्या आदल्या दिवशी ती साडेसहाला घरी आली. आई मशीनवर होती. गणवेशांचा ढीग लागला होता, सगळीकडे निळ्या कापडाच्या चिंध्या. टेबलावर चिमीची पुस्तकं नीट रचून ठेवलेली. प्रत्येकाला खाकी कागदाचं नवं कव्हर.

"कॉलेज सुरू होतंय ना तुझं," आई मशीन न थांबवता म्हणाली. "म्हटलं, पोरगी एवढी राबतेय, तेवढं तरी करावं."

चिमीनं ऑडिटिंगचं पुस्तक उघडलं. उलटं धरून झाडलं.

"आई, यात एक कार्ड होतं."

"हो गं! माझंच जुनं, बँकेचं! फोटो बघून हसूच आलं, काय ती दोन वेण्यांची बाई! रद्दीतून आणलंस ना माझ्यासाठी? लबाड, सांगितलं नाहीस." आईनं मशीनच्या कडेवरून काहीतरी उचलून पुढे केलं. "बघ, कसा छान बसलाय."

कार्डावर निळा दोरा गुंडाळला होता. दोऱ्याचं टोक अडकवायला आईनं वरचा उजवा कोपरा कात्रीनं तिरका छाटला होता.

"कधी कापलंस?"

"आत्ता तासाभरापूर्वी. का गं? अशी पांढरीफटक का पडलीस?"

चिमी गुडघ्यांवर बसली आणि चिंध्या उपसायला लागली. मशीनखाली बघितलं. केराची टोपली पालथी केली. आईच्या साडीच्या निऱ्यासुद्धा झटकल्या. आई हसत होती, मग हसायची थांबली. तुकडा कुठंच नव्हता.

सकाळी ती उठली तेव्हा आई मशीनवर बसलेली होती, ठणठणीत. चिमीनं तिला घट्ट मिठी मारली. आई म्हणाली, "अगं सोड, शिलाई वाकडी जाईल."

चिमी बँकेत धावतच शिरली. मॅडमच्या टेबलावर तिचं प्रमाणपत्र तयार होतं. तिनं तिकडे बघितलंही नाही. दोरा गुंडाळलेलं कार्ड मॅडमपुढे ठेवलं आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी कार्ड हातात घेऊन कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आईनंच कापलंय, मॅडम. घरी. साध्या कात्रीनं. हे त्यातलं नाही ना? सांगा ना, नाही ना?"

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी फक्त डबा तिच्याकडे सरकवला.

चिमीनं झाकण उघडलं. सगळ्यात वर एक तुकडा होता. तिनं तो कार्डाला लावून पाहिला. बरोबर बसला.

त्याला निळ्या दोऱ्याचा एक धागा चिकटला होता.

तिनं घरी फोन लावला. आईनं दुसऱ्या रिंगला उचलला.

"बोल गं. बरं झालं केलास. येताना निळ्या दोऱ्याचं रीळ आण, संपत आलाय." मागे मशीनचं चाक फिरत होतं. "उद्यापर्यंत सगळं आटपायचंय मला."