फणसांबा अजून जून व्हायचाय

मावशीचा डबा परत करायला मी पार्ल्याहून कांदिवलीला गेले होते. परतताना श्रावणातली भुरभुर लागली, म्हणून एका बैठ्या घराच्या आवारातल्या फणसाखाली थांबले. वर पाहिलं तर... खोडाला चिकटलेली एक तपकिरी फळी. लाकडासारखी टणक, कडेला पिवळसर मखमल. सत्त्याऐंशी साल, मी एम.एस्सी.ला आणि प्रकल्पाचा विषय नेमका झाडांवरच्या अशा बुरशींचा. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात ना, तसं झालं. मी टाचा उंचावून हात घातला.

“किती महिन्यांचं आहे बाळ?” मागून आवाज आला.

छत्री मिटत एक उंच तरुण उभा होता.

“कुणाचं बाळ?”

“तुमचं. बाळाचं तोंड आलं की लोक हा फणसांबा मागायला येतात. सहाणेवर उगाळून लावतात ना.”

“माझं लग्नही झालेलं नाही हो,” मी फणकारले.

“असं का?” तो म्हणाला, आणि हसू लपवायला त्यानं छत्री पुन्हा उघडली.

तो सहदेव. टेलिफोन खात्यात नोकरीला, घरी आई आणि तो. मला नमुना हवाय हे ऐकून त्यानं नकारार्थी मान हलवली. फणसांबा घरच्या माणसानंच काढायचा, ही त्यांच्या घरची मालवणपासूनची रीत. “आणि अजून जून झाला नाहीये. आई नको म्हणते. पुढच्या रविवारी बघू या.”

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. मी फणसांब्याचं चित्र काढत बसायची, सहदेव माझ्या वहीवर छत्री धरायचा आणि स्वतः भिजायचा.

“झाला का रे जून?”

“छे गं. कड बघ ना, किती कोवळी आहे.”

“तुला कडेतलं काय कळतं?”

“कडेतलं नाही कळत. तू ओठ दाबून चित्र काढतेस... तेवढं कळतं.”

मी कड पुसून पुन्हा काढली. आवडायला लागला होता मला तो, सरळच सांगते. पण नमुने द्यायची मुदत संपत आली होती, आणि हा चेष्टेच्या पुढे सरकत नव्हता. फणसांबा एकदा हातात आला की इथं यायला निमित्त उरणार नव्हतं.

शेवटच्या रविवारी तो दूध आणायला गेला होता. मी भीत भीत त्याच्या आईलाच विचारलं, “काकू, आज तरी काढू द्याल?”

“अगो, मी पयल्याच आयतवारी माझ्या झिलाक, सहदेवाक सांगितलंय, काढून दी तिका म्हणान. तर म्हणता, जून जाऊक नाय.” काकू हसल्या. “तेच्या बापाशीच्या वेळचो आसा तो फणसांबो.”

तेवढ्यात फाटक वाजलं. आमच्या दोघींच्या चेहऱ्याकडे पाहून सहदेव काय ते समजला. काकू हातातला कोयता ओटीवर ठेवून आत गेल्या.

“खोटं का बोललास?”

“काढून दिला असता तर...” दुधाची किटली या हातातून त्या हातात गेली. “तर पुन्हा आली असतीस?”

“विचारून तरी बघायचंस.”

“आता विचारतो. येशील... कायमची?”

मी कोयता उचलला आणि फणसाखाली जाऊन उभी राहिले.

“अगं, घरच्या माणसानंच काढायचा असतो तो,” सहदेव म्हणाला.

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तू छत्री धर.”