पुठ्ठापूरची चोवीस घरं

"चोरी! चोरी! अख्खं गाव चोरीला गेलं!"

हत्ती जिन्यावरून असा धडधडत खाली आला, की स्टुलावर उभी राहून 'सुस्वागतम्'चा फलक चिकटवणारी फिरकी पडता पडता वाचली. डिंक मात्र कोपरापर्यंत ओघळला.

"हळू रे! कुठलं गाव?"

"पुठ्ठापूर! चोवीसच्या चोवीस घरं गायब! एक भिंत म्हणशील तर शिल्लक नाही!"

फिरकीनं स्टुलावरून उडीच मारली.

फिरकी, हत्ती आणि शंका हे तिघं सातवीतले. सुट्टी लागली तशी फिरकीची आई म्हणाली होती, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा जा, शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायला मदत कर!" झालं! फिरकी निघाली, म्हणून हत्ती निघाला. अंगानं दांडगा असल्यानं त्याला ते नाव पडलं होतं आणि लहान पोरं त्याच्या पाठीवर बसून वर्गभर सवारी करत. आणि शंकाही आली, "आपल्याला शिकवता येईल का पण?" असं विचारत. तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नानंच संपायचं.

तीन आठवडे सुट्टीचा वर्ग चालला होता. पहिलीच्या बाईंच्या मदतीनं मुलांनी बुटांच्या खोक्यांचं एक गाव उभं केलं होतं. प्रत्येकाचं एक घर. खिडक्या पट्टीनं मोजून कापायच्या, हे गणित. दारावरची पाटी स्वतः लिहायची, ही भाषा. रस्त्यावर बॅटरीचे दिवे लावायचे, हे विज्ञान. आणि आज दुपारी चार वाजता सगळे आईबाबा हे गाव बघायला येणार होते!

तिघं धापा टाकत वरच्या सभागृहात पोचले. तपकिरी कागदाचा लांबलचक रस्ता तसाच होता. दिवे होते. पुठ्ठ्याची झाडंही ताठ उभी होती. घरं तेवढी नव्हती.

कोपऱ्यात चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे पहिलीतली सगळ्यात लहान मुलगी. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ! तिची आई परिचारिका होती. दोन महिने दुसऱ्या गावच्या रुग्णालयात कामावर होती, आज येणार होती. चिमणीनं आपल्या घराच्या पाटीवर लिहिलं होतं, 'इथे मी आणि आई'. या चार शब्दांसाठी फिरकीनं तीन आठवडे घाम गाळला होता. "अगं, 'आई'च्या 'ई'ला डोक्यावर शेंडी असते, 'इथे'च्या 'इ'ला नसते!" असं तिनं शंभरदा सांगितलं असेल. परवा चिमणीनं शेंडी बरोब्बर जागेवर काढली आणि फिरकी वर्गात नाचली होती.

आता चिमणीचे डोळे काठोकाठ भरले होते.

"रडायचं नाही," फिरकी खाली बसून म्हणाली. "चारच्या आत तुझं घर आणते. वचन!"

"आणि नाही सापडलं तर?" शंका कुजबुजली. फिरकीनं तिच्या पायावर पाय दिला.

सभागृहाची सगळी व्यवस्था पालकमंडळाच्या काकूंकडे होती. गळ्यात शिट्टी, कानावर पेन्सिल, हातात यादी. शाळेसाठी त्या मरमर राबायच्या, यात वाद नव्हता. पण यादीतून मान वर काढून माणसाकडे बघायला त्यांना सवडच नसे.

"काकू, इथली घरं..."

"काल संध्याकाळी अख्खी शाळा साफ करून घेतली! कचऱ्याचा कण सापडला तर नाव बदलीन!"

"पण काकू, मुलांची घरं कुठे..."

"मुलांच्या वस्तूंना मी हात लावते होय? ते यादीत नाही! आणि यादीत नाही ते काम नाही!" फुर्रर्र! शिट्टी वाजली आणि काकू खुर्च्या लावणाऱ्या पालकांवर धावून गेल्या.

शंका मात्र भिंतीतल्या कपाटात डोकं खुपसून बसली होती. "ए, खोक्यांची झाकणं याच कपाटात होती ना?"

"होती. घर वरून आत बघता यावं म्हणून काढून ठेवली होती."

"मग तीही कशी गेली?"

"गेली असतील! घराबरोबर..." हत्ती म्हणाला आणि थांबला. "पण चोराला घरावर झाकण कशाला हवं?"

फिरकीनं चुटकी वाजवली. "कारण त्याला घर नकोच होतं! त्याला खोकं हवं होतं! झाकणासकट खोकं कुणाला लागतं?"

तिघं एकदम ओरडले, "बूटवाले काका!"

बुटांचं दुकान शाळेच्या वळणावरच होतं. काकांनीच ती खोकी मुलांना दिली होती. तिघं दुकानात शिरले, तर काका एका गिऱ्हाईकाच्या डाव्या पायात उजवा बूट चढवण्याच्या खटपटीत होते. त्यांचा चष्मा चार दिवस दुरुस्तीला गेला होता.

"या या! तुमच्या काकू म्हणजे देवमाणूस! वापरून झाली की लोक खोकी फेकून देतात. त्यांनी काल झाकणं लावून, दोरीनं बांधून परत पाठवली. वर म्हणाल्या, मोजून घ्या, चोवीस! सकाळीच नवा सुटा माल आला होता, तो त्यांत भरूनही टाकला."

फिरकीनं मांडणीकडे पाहिलं. काळ्या बुटांच्या एका खोक्याला निळा पडदा होता. दुसऱ्याच्या दारात कागदी कुत्रं बसलं होतं. तिसऱ्याच्या खिडकीत चड्ड्या वाळत होत्या!

"काका, तुम्हाला या खिडक्या दिसल्या नाहीत?"

"चाचपडून कळल्या की! म्हटलं, नवी पद्धत दिसतेय. बुटांना हवा लागायला."

हत्ती फस्सकन हसला. फिरकीनं सगळा प्रकार सांगितला, तेव्हा काकांनी कपाळावर हात मारला. पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "खोकी न्या रे, पण बूट कशात ठेवू? मोकळे टाकले तर जोड्या मोडतील. चष्म्यावाचून मला नऊ नंबर आणि सहा नंबर सारखाच! परवा एकाला दोन्ही डावे दिले, बिचारा गोल गोल फिरत गेला!"

"जोड्या लावायच्या आहेत ना?" फिरकीचे डोळे चमकले. "थांबा, त्यातले पंडितच आणते!"

पंधरा मिनिटांत बाईंची परवानगी घेऊन पहिलीचा अख्खा वर्ग दुकानात हजर! बाई स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. तीन आठवडे पोरांनी पाटीवर 'जोड्या लावा' आणि 'लहानापासून मोठ्याकडे' हेच तर गिरवलं होतं. आता खरेखुरे बूट हाती आल्यावर काय विचारता!

"ताई, हा सात! याचा भाऊ कुठाय?"

"माझ्याकडे आहे! ए, तो उलटा नऊ आहे, सहा नाही!"

"हा खालचा तळ बघ, अंकाखाली रेघ आहे, म्हणजे हाच सहा!"

मुलं जोड्या लावत, हत्ती नाड्यांच्या गाठी मारी, शंका प्रत्येक जोडीवर नंबराची चिठ्ठी अडकवून "नक्की ना?" असं तीनदा विचारी. तासाभरात मांडणीवर बुटांच्या जोड्या लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लागल्या. काका टाळ्या वाजवत म्हणाले, "तीस वर्षांत माझं दुकान असं लागलं नव्हतं!"

पण फिरकी घरं मोजत होती. "बावीस! काका, दोन कमी!"

"सकाळी दोन जोड विकले. एक पोस्टमनला. दुसरा..." काका आठवू लागले. "हां! तुमच्याच काकूंना. काल साफसफाईत त्यांची चप्पल तुटली म्हणे."

पोस्टमन नाक्यावरच भेटला. त्यानं नवे बूट पायात घातले होते आणि खोक्यात टपाल भरलं होतं. "मस्त खोकं आहे हो!" तो म्हणाला. "पत्र टाकायला आयती फट!" फट कसली, ती एका मुलाची मोजून कापलेली खिडकी होती. पोस्टमननं हसत हसत घर परत दिलं.

आणि चोविसावं घर? ते चिमणीचं होतं. ते काकूंच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या कुलूपबंद कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला!

बाईंनी धीर करून काकूंना विचारलं. बाई काकूंना जरा वचकूनच असत. "तुमच्या त्या खोक्यात म्हणे पोरीचं..."

"माझ्या खोक्यात माझ्या चपला आहेत! मी दुकानाची रिकामी खोकी दुकानाला परत केली. कलम सतरा! हे बघा, बरोबरची खूण!" आणि काकू गेल्यासुद्धा.

सव्वातीन वाजले. तेवीस घरं रस्त्याकडेला लागली. दिवे पेटले. मधे एक जागा तेवढी मोकळी होती आणि तिच्यापुढे चिमणी गुडघ्यांत हनुवटी रोवून बसली होती. फाटकातून पालक यायला लागले होते.

"दिलेलं वचन आता कसं पाळायचं?" शंकानं विचारलं. या वेळी तिलाही रडू येत होतं.

फिरकी काकूंकडे टक लावून बघत होती. काकू टेबलावर यादी ठेवून ध्वनिक्षेपकाशी झटापट करायला गेल्या होत्या. "त्या आपलं ऐकत नाहीत, बाईंचं ऐकत नाहीत," फिरकी हळूच म्हणाली. "पण यादीचं ऐकतात!"

तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि शेवटच्या, तिसाव्या कलमाखाली सुबक अक्षरात लिहिलं, '३१. काकूंनी स्टेजवर जाण्याआधी नव्या चपला घालणे.'

"ही फसवणूक नाही का?"

"फसवणूक कसली? चपला त्यांच्या, पाय त्यांचे!"

काकू परतल्या. बोट यादीवरून खाली सरकलं. "एकोणतीस, झालं. तीस, झालं. एकतीस..." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. एका पायात पिनेनं जोडलेली चप्पल होती. "अगंबाई! हे राहिलंच की!"

कपाट उघडलं. पिशवी निघाली. काकू पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या, खोकं मांडीवर घेतलं आणि झाकण काढलं. चपला उचलल्या आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

आत एक कागदी पलंग होता. पलंगावर चौकोनी गोधडी होती. गोधडीतून दोन डोकी बाहेर आली होती, एक मोठं, एक छोटं. उशाशी इवलं घड्याळ होतं. काकूंनी खोकं फिरवलं आणि दारावरची पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

"काकू," फिरकी पुढे आली. आवाज तिनं मऊच ठेवला. "हे रिकामं होतं का हो?"

काकूंनी समोरच्या तेवीस घरांकडे पाहिलं, आणि बहुधा कालपासून पहिल्यांदाच त्यांना ती दिसली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"मी झाकणं लावत गेले गं," त्या हळूच म्हणाल्या. "आत बघितलंच नाही."

त्या उठल्या, चिमणीजवळ गेल्या आणि तिच्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या. "चुकले मी. कुठे ठेवायचं हे घर? तू सांगशील तिथे ठेवते."

चिमणीनं बोट दाखवलं. काकूंनी घर अलगद टेकवलं. तेवढ्यात दाराशी गडबड झाली. प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच असलेली एक बाई घाईघाईनं आत आली. चिमणी उठली, पळत गेली आणि आईला हाताला धरून ओढत घरासमोर घेऊन आली. मग पाटीवर बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात तिनं वाचलं,

"इथे मी आणि आई!"

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. हत्ती नाक पुसत म्हणाला, "डिंक गेला डोळ्यात."

काकू स्टेजवर गेल्या खऱ्या, पण अनवाणी आणि यादीशिवाय! "या गावाची मी काल वाट लावली होती," त्यांनी सरळ सांगून टाकलं. "सातवीच्या या तिघांनी ते परत वसवलं. कलम एकतीस कुणी लिहिलं, तेही मला कळलंय!" सगळे खो खो हसले. "पण पोरांनो, चूक दाखवलीत ती मला न हिणवता. हे मोठ्यांनासुद्धा जमत नाही. शाबास!"

"आणि नुसतं शोधलं नाही," बाई उभ्या राहून म्हणाल्या. आज त्या काकूंना मुळीच घाबरल्या नाहीत. "हरवलेल्या घरांच्या पायी त्यांनी माझ्या वर्गाला जे गणित शिकवलं, ते मला महिनाभरात शिकवता आलं नसतं. पुढच्या सुट्टीत मी मुलांना दर आठवड्याला दुकानात नेणार!"

टाळ्यांच्या गजरात चिमणीची आई फिरकीजवळ आली. तिनं फिरकीचा डिंकानं चिकट झालेला हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.