दोन मिनिटं एकावन्न सेकंद

मावशीची नोकरी वाचली. हे वाक्य चुकून आधी छापलं गेलं आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही.

तर, मावशीची नोकरी पाच वाजता जाणार होती.

सव्वातीनला भाचीचा फोन वाजला. भाची स्वच्छता निरीक्षक. त्या क्षणी ती एका खानावळीच्या फ्रीजमागे वाकून, जे एके काळी लोणी होतं त्याचा नमुना घेत होती.

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय," मावशी म्हणाली. "ये. आणि हातमोजे आण."

"ठसे जपायला?"

"नाही गं. इथे कशालाच हात लावावासा वाटत नाही."

रेडिओच्या तबकडी-संग्रहात मावशी एकतीस वर्षं एकच काम करत होती. गाजलेलं गाणं आधी सिंगल म्हणून छोट्या तबकडीवर येतं, मग अल्बममध्ये मोठ्या तबकडीवर. लोक म्हणतात, गाणं तेच. मावशी दोन्ही ऐकायची, कानावर हेडफोन, हातात स्टॉपवॉच, डोळे घट्ट मिटलेले, आणि फरक कार्डावर लिहायची. पाकिटावर छापलेल्या वेळेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. अशी अकरा हजार कार्डं झाली होती.

हरवलं होतं लिफ्टवर रचलेल्या एका जुन्या गाण्याचं सिंगल. उरलेली एकमेव प्रत. पाकीट जागेवर, आत हवा. किल्ली मावशीकडे, म्हणून चोर मावशी. बडतर्फीचं पत्र तयार होतं, आणि चोराची कार्डं विश्वासार्ह नाहीत म्हणून ती रद्दीत जाणार होती.

भाचीने गाण्याचं कार्ड वाचलं. सिंगल, तीन मिनिटं आठ सेकंद. २:५१ ला गायिका मध्येच हसते. लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर कारखान्यात सुईने कोरलेलं: सतरा, फुली, दोन. अल्बम, चार मिनिटं वीस सेकंद. हसू कापलंय, तिथे ट्रम्पेट घातलाय. खाली ताजी शाई: सोमवारी अल्बम पुन्हा मोजला, उपसंचालकांच्या सांगण्यावरून. वेळ तीच.

पहिला सापडला मशीनवाला. तबकड्यांची यंत्रं दुरुस्त करणारा. तो सुई जिभेने ओली करून शर्टाला पुसत होता, आणि शर्टावर या पद्धतीचा बराच इतिहास साचला होता. त्याने सांगितलं की सोमवार ते बुधवार तो पोट बिघडून घरी होता. भाचीने याबद्दल पुरावा मागितला नाही.

दुसरा उपसंचालक. संचालक साहेब बोलले की तेच वाक्य हा पुन्हा बोलायचा, म्हणून सगळे त्याला झेरॉक्स म्हणायचे. तो च्युइंगगम असं चघळत होता की आतली सगळी कारवाई बाहेरून दिसावी. दोन बोटांच्या टोकांना पट्ट्या होत्या; एकीच्या कडेने फोड डोकावत होता.

"तबकड्यांच्या खोलीत शेवटचे कधी गेलात?"

"मी कशाला जाऊ, मॅडम? किल्ली मावशींकडे असते."

"बोटांना काय झालं?"

"कागदाने कापलं."

"दोन्ही?"

"मोठा कागद होता." त्याने गम दुसऱ्या गालात सरकवला. "आणि एवढं काय त्यात? कॉम्प्युटरच्या यादीत ते गाणं दोनदा आहे. एक गेलं तर एक आहेच की."

मावशीचा चेहरा, जेवणात केस सापडल्यावर होतो तसा झाला.

सवयीने भाची ऑफिसच्या पँट्रीत शिरली. सिंकमध्ये एक कप होता; त्याच्या आत मऊ हिरवी लव उगवली होती. ओव्हन उघडल्यावर जळक्या टायरचा वास आला. ट्रेवर काळी चकाकी चिकटली होती. तिने ती नखाने खरवडली, मग हातमोजा बदलला.

साहेब आपल्या खोलीत नखं कापत होते. प्रत्येक तुकडा टेबलावरच्या छोट्या काळ्या वाटीत नेमाने पडत होता. वाटीच्या कडा लाटेसारख्या वळलेल्या. आत चोखलेल्या खजुराच्या बिया होत्या, त्यांना नखं चिकटली होती, आणि बुडाशी गुलाबी काहीतरी. वाढदिवसाची भेट, साहेबांनी कौतुकाने सांगितलं. कुणाची, हे विचारायच्या आत झेरॉक्स लाजला.

पाचला वीस मिनिटं होती. भाचीने हातमोज्यांवर हातमोजे चढवले, वाटी उचलली आणि बडतर्फीच्या पत्रावर उपडी केली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"हे काय?" झेरॉक्स म्हणाला.

"हे सिंगल," भाची म्हणाली. "तबकडी ओव्हनमध्ये तापवली की पापडाच्या लाटीसारखी मऊ पडते, हवी तशी वळते. घाई केली तर बोटं भाजतात. कागदाने फोड येत नाहीत."

साहेबांनी कुठलीही तबकडी असेल असं सुचवलं. भाचीने बुडाकडे बोट दाखवलं. मोठ्या तबकडीच्या भोकात पेन्सिल जेमतेम जाते. या सिंगलच्या भोकात अंगठा जातो. तिथून साहेबांची नखं गळत होती, म्हणून भोक बुजवायला अख्खा गम लागला. चघळलेला. त्यावर दाताचे ठसे होते. ते कुणाचे, हे विचारावं लागलं नाही; ते दात समोरच चघळत होते.

"पण किल्ली मावशींकडे—"

"सोमवारी तुम्ही तिला अल्बम पुन्हा मोजायला दिलात. हेडफोन घालून, डोळे मिटून ती चार मिनिटं वीस सेकंद जगात नसते. तेव्हा कुणी कपाटासकट नेलं असतं तरी तिने फक्त वेळ लिहिली असती. यादीत दोनदा दिसणारं गाणं तुम्हाला जास्तीचं वाटलं. बोभाटा झाल्यावर पत्र तुम्हीच टाइप केलंत."

तिने लेबल सोललेल्या जागेबाहेरची पट्टी पुसली. सतरा, फुली, दोन.

"मला यातलं काही माहीत नव्हतं," साहेब म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा झेरॉक्सने वाक्य परत म्हटलं नाही.

पत्र फाडायची गरज पडली नाही; त्याला कुणी हात लावेना. फक्त जाताना साहेबांनी हळूच विचारलं की वाटी परत मिळेल का.

मावशीने वाटी साबणाने तीनदा धुतली. यंत्रावर ठेवली. सुई हवेत राहिली, मग घसरली. ते हसू आता जगात फक्त तिच्या कानात होतं. मावशीने स्टॉपवॉच शून्यावर आणलं, मग कोरा कागद ओढला.

"प्रति, संचालक. विषय: सिंगल आवृत्ती पूर्ववत करणेबाबत. महोदय, सदर तबकडीची नोंद 'वाटी' या नवीन प्रकारात घेतली आहे. तरी दिवंगत गायिकेने कार्यालयीन वेळेत समक्ष हजर राहून, दोन मिनिटं एकावन्न सेकंदांनी, पूर्वीप्रमाणेच एकदा हसावे, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून व्हावी, ही नम्र विनंती. ट्रम्पेट चालणार नाही."