चाती नसलेली झोप

ऑस्लोहून पुण्याला निघालेलं विमान ढगांच्या वर स्थिरावलं, तेव्हा बिझनेस क्लासच्या सोळा आसनांपैकी पंधरा आसनं पूर्ण आडवी झाली होती आणि त्यांवरची माणसं सघन निद्रेत गेली होती. सोळाव्या आसनावर डॉ. हेमांगी सबनीस जागी होती. तिच्या अंगात जेमतेम एक अंश ताप होता, पण तेवढ्यावरून डोक्यावर चढवायच्या निद्राटोपाने तांबडा दिवा लावून तिला नाकारलं होतं.

तिला त्याचं विशेष वाईट वाटलं नाही. शेजारी नवरा निरंजन, त्याच्या मागे अकरा वर्षांची मुक्ता आणि खिडकीशी तिचे वडील भाऊ, तिघं शांत झोपली होती. नऊ तासांच्या प्रवासात दोन रात्रींची झोप, उतरताच माणूस कामाला तयार, अशी या सोयीची ख्याती होती. दीड वर्षात सघन निद्रेने लांबच्या प्रवासाचा शीणच संपवून टाकला होता. भाऊ टोप घालायला तयार नव्हते. सहलीच्या पाच दिवसांत ते फार थकलेले दिसत होते, म्हणून हेमांगीनेच आग्रह केला आणि स्वतःच्या हाताने तो त्यांच्या डोक्यावर बसवला.

भाऊंनी सांगलीच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. मध्यरात्रीचा सूर्य त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढला, पाहिला मात्र कधीच नव्हता. त्यासाठीच ही नॉर्वेची सहल. तिसऱ्या रात्री बारा वाजता समुद्रकाठी सूर्य पाण्याला टेकतोय असं वाटेपर्यंत खाली आला आणि तसाच पुन्हा वर चढू लागला. भाऊंनी सगळ्यांना फोन खिशात ठेवायला लावले. मुक्ताच्या हातातलं संत्रं घेऊन ते तिरपं धरलं, फिरवलं आणि तिलाच विचारलं, की आता सांग, मावळेल कसा? मुक्ता बराच वेळ त्या संत्र्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, सूर्य सरळच आहे आजोबा, तिरके आपण आहोत. भाऊ इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांत एकाही पोराने हे असं सांगितलं नव्हतं, म्हणाले.

घसा खवखवत होता म्हणून हेमांगी गरम पाणी मागायला पुढे गेली. तिथे निद्रावैद्याचं टेबल होतं. सघन निद्रा देणाऱ्या प्रत्येक विमानात असा एक डॉक्टर असावाच लागे. आजचे डॉ. इरफान मुजावर मूळचे मिरजेचे होते. विमानात चढताना भाऊंशी त्यांच्या दोन मिनिटं गावाकडच्या गप्पाही झाल्या होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, बसायला जागा दिली. समोरच्या पडद्यावर पंधरा मेंदूंचे आलेख सरकत होते.

हेमांगी सोळा वर्षं पुण्याच्या एका संस्थेत झोपेतल्या मेंदूलहरींवरच काम करत होती. ही सोय पुरवणारी कंपनी आपले आलेख बाहेरच्या कुणाला दाखवत नसे, त्यामुळे सघन निद्रेचा आलेख ती पहिल्यांदाच बघत होती. पाणी पीत ती सहज बघायला लागली आणि मग पेला खाली ठेवून खुर्ची पुढे ओढून बघू लागली.

"चाती-लहरी कुठे आहेत?" तिने विचारलं.

गाढ झोपेत मेंदूच्या आलेखावर मधूनमधून दाट लहरींचा एक झुपका उमटतो, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, सूत कातायच्या चातीसारखा. निरोगी माणसाच्या झोपेत असे झुपके रात्रीतून शेकड्यांनी येतात. इथे पंधरापैकी एकाही आलेखावर एकही चाती नव्हती.

मुजावरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात तर, एवढंच म्हणाले.

"तुम्ही यांना कसली झोप देताय, डॉक्टर?"

मग त्यांनी सांगितलं. आवाज खाली होता, पण काही लपवलं नाही. झोपेत मेंदू दोन कामं करतो. दिवसभराचा रासायनिक कचरा धुऊन काढतो आणि दिवसभराच्या आठवणी तात्पुरत्या कोठारातून कायमच्या कोठारात नेतो. दुसरं काम वेळखाऊ. एखादी आठवण पुरती पलीकडे जायला सहा-सात रात्री लागतात. सघन निद्रेने ते काम गाळलं. उरली फक्त धुलाई, आणि तीही अशी जोराची, की तात्पुरत्या कोठारात जे असेल ते कचऱ्याबरोबर वाहून जातं.

"म्हणजे गेल्या सात दिवसांतलं सगळं?"

"साधारण पाच-सहा दिवसांतलं. त्याआधीचं बहुतेक पलीकडे पोचलेलं असतं."

हे लोकांच्या ध्यानात कसं येत नाही, असं तिने विचारलं. मुजावर म्हणाले, मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. रोजचं ऑफिस, रोजचा स्वयंपाक, बॅगा भरणं हे असं झालं असेल म्हणून तो आपणच भरून काढतो, आणि माणसाला ते आठवल्यासारखंच वाटतं. परतीच्या प्रवासात कंपनी आणखी एक काळजी घेते. जाग येताना प्रत्येकाच्या पडद्यावर त्याच्याच फोनमधल्या फोटोंचा जागृतिपट दाखवतात. लोक फोटो बघतात आणि सहल आठवली असं समजतात. कंपनी त्याला आदरातिथ्य म्हणते. संमतिपत्रात 'किंचित विस्मरण' असे दोन शब्द आहेत. मुजावरांनी तीन अहवाल दिले होते. तिन्ही वेळा त्यांना त्या दोन शब्दांकडे बोट दाखवलं गेलं. तरी ते नोकरीत राहिले होते, कारण झोपलेल्यांच्या हृदयांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं.

हेमांगी उठून उभी राहिली. तिघांना आत्ताच्या आत्ता उठवा, म्हणाली.

"उठवून उपयोग नाही," मुजावर म्हणाले. "धुलाई पहिल्या चाळीस मिनिटांत होते. आपल्याला निघून दोन तास झालेत."

ती मागे गेली. मुक्ताच्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते तिने सारखं केलं. ते संत्रं मुक्ताच्या डोक्यातून गेलं होतं. त्याचा फोटो नव्हता, म्हणजे जागृतिपटातही ते येणार नव्हतं. भाऊंच्या डोळ्यांसमोर तो सूर्य कधी आलाच नव्हता, असं आता झालं होतं. ती आसनावर बसली आणि तिला आणखी एक गोष्ट सुचली, जी केव्हाच सुचायला हवी होती. जातानाही आपण झोपलो होतो.

निघण्याआधीचे पाच दिवस तिने आठवायचा प्रयत्न केला. ऑफिस होतं. बॅगा भरल्या होत्या. लोकरीच्या टोप्या आणल्या होत्या. यापलीकडे काही सापडेना. तिने फोन काढला. सहलीत निरंजन सतत बरोबर असल्यामुळे त्याला संदेश पाठवायची वेळच आली नव्हती. त्या दोघांचे शेवटचे संदेश निघण्याच्या आठवड्यातले होते.

सोमवारी तिने लिहिलं होतं, 'भाऊंचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. खूप पसरलाय. डॉक्टर म्हणतात चार महिने, फार तर सहा.' निरंजनने लिहिलं होतं, 'सहल रद्द करायची नाही. परत आल्यावर उपचारांचं बघू.' मंगळवारी रात्री तिचाच संदेश होता, 'भाऊंना सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. बराच वेळ बोललो आम्ही. घरी आल्यावर सांगते.'

तिने ते चार-पाच वेळा वाचलं. अक्षरं तिची होती, पण ते लिहिताना आपण कुठे बसलो होतो हेदेखील तिला आठवेना. बातमी तिला आत्ता, या क्षणी कळत होती. रडू आलं नाही.

पुन्हा पुढे जाऊन तिने मुजावरांना जातानाच्या विमानाची नोंद बघायला सांगितली. त्यांनी बघितली. सबनीस कुटुंबातले तिघे झोपले होते. चौथे प्रवासी, वय त्र्याहत्तर, यांनी नकार दिला होता, खिडकीतून बाहेर बघायचं आहे म्हणून.

म्हणजे भाऊंना सगळं ठाऊक होतं. नॉर्वेतल्या पहिल्याच सकाळी न्याहारीच्या टेबलावर त्यांनी तिला विचारलं होतं, हेमा, तुला माझ्याशी काही बोलायचंय का? ती म्हणाली होती, नाही भाऊ, का हो? त्यांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पावाला लोणी लावायला घेतलं. हिला काहीच आठवत नाही, हे त्यांनी त्या क्षणी ओळखलं असणार. ती का विसरली हे त्यांना कळलं नसेल, पण मुलगी हसतेय एवढं दिसलं असेल. पाच दिवस त्यांनी ते हसू मोडू दिलं नाही. पोटात दुखलं की पित्त म्हणाले.

आता त्यांचं काय होईल, तिने विचारलं. हा हिशेब तिलाही येत होता, तरी तो दुसऱ्या कुणीतरी सांगावा असं तिला वाटत होतं.

मुजावर सावकाश म्हणाले, "ती बातमी त्यांनी ऐकली त्याला आठ दिवस झाले. मधल्या रात्री ते साधेच झोपले. ती पलीकडे पोचली. ती राहील. सहल राहणार नाही."

उरलेले तास ती भाऊंच्या आसनाला लागून खाली बसून राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

अरबी समुद्रावर उजाडलं. आसनं हळूहळू सरळ झाली, पडदे उजळले. निरंजनने डोळे चोळत फोटो पाहिले आणि काय मस्त झाली सहल, म्हणाला. मुक्ता एका फोटोतल्या जहाजाकडे बोट दाखवून हे कुठलं गं, असं विचारत होती. निरंजनने काहीतरी नाव ठोकून दिलं आणि तिला ते पटलं.

भाऊंनी आपला जागृतिपट शेवटपर्यंत पाहिला, लक्ष देऊन, दुसऱ्याच्या घरचा अल्बम पाहावा तसा. एका फोटोत समुद्र होता आणि त्यावर बुटका, पिवळा सूर्य.

"हा रात्रीचा?" त्यांनी विचारलं.

"हो भाऊ. बारा वाजताचा. तुम्ही पाहिलात."

"पाहिला असणार," ते म्हणाले. "झोपेने डोकं जड झालंय."

मग निरंजन आणि मुक्ता बॅगा काढायला उठले, तेव्हा त्यांनी तिला खूण करून जवळ बोलावलं. नॉर्वेतल्या पाच दिवसांत त्यांनी तिच्याकडे असं, दोघांचंच गुपित असल्यासारखं, कधीच बघितलं नव्हतं. तेव्हा त्यांना माहीत होतं, की ही विसरली आहे. ते माहीत असणंही आता धुतलं गेलं होतं. त्यांच्या लेखी हेमांगी अजून मंगळवारचीच होती, सगळं जाणणारी.

"हेमा," ते हळू आवाजात म्हणाले, "मंगळवारी तू मला जे कबूल केलंस ना, ते निरंजनला आवडणार नाही. पण तू मागे फिरू नकोस. तू हो म्हणालीस म्हणून मी शांत झोपतोय बघ."

आपण काय कबूल केलं होतं, ते फोनमध्ये कुठेही नव्हतं. 'बराच वेळ बोललो' एवढंच होतं. ते काय, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहिला.

"नाही फिरणार, भाऊ," ती म्हणाली.

त्यांनी तिचा हात थोपटला आणि निश्चिंतपणे खिडकीकडे तोंड वळवलं. विमान पुण्याकडे उतरू लागलं होतं.