दाराची उजळणी

गुढीपाडवा झाला की नागपुरात दुपार उरायची नाही. घड्याळात असायची, रस्त्यावर मात्र कुणी पाहिलेली नव्हती. उन्हं चढायच्या आत कामं उरकायची, पडदे ओढायचे आणि संध्याकाळपर्यंत आडवं व्हायचं. माणसं मंगळावर जाऊन आली, पण नागपूरकराचा कूलर काही सुटला नाही आणि जेवणानंतरची झोपही सुटली नाही. झोपलेल्या माणसाला दुपारी उठवणं हा त्या शहरात गुन्हाच समजायचे म्हणा ना.

गाड्यांनाही आता घर लागायचं. उन्हानं बॅटऱ्या फुगायला लागल्यापासून प्रत्येक बंगल्याला गाडीघर बांधायची सक्ती झाली होती. भिंती जाडजूड, खिडकी नाही, आणि छताखाली सरकत जाणारं, थोड्या वेळानं आपोआप मिटणारं एकच वीतभर जाडीचं दार. बॅटरी पेटली तर आग घरात शिरायला नको, म्हणून घरातून गाडीघरात जायला वाट ठेवायचीच नाही असा नियम. एवढं जड दार एका बोटानं वर जायचं, कारण वरच्या दांड्यावर पिळून बसवलेली स्प्रिंग त्याचं सगळं वजन तोलून धरायची. त्या पिळात ताकद इतकी, की चुकीच्या ठिकाणी पाना लावला तर मनगट जायचं. म्हणून कॉलनीतल्या पोरांना शाळेत पाढ्यांबरोबर हेही पाठ करायला लावायचे: दार वाजलं, बटण बंद करा. लांब उभे राहा. हात लावू नका. फोन करा.

प्रणाली गावंडे यांच्या गाडीघराचं दार होळीपासून रोज दुपारी वाजत होतं. चार बोटं वर उचललं जायचं आणि धप्पकन खाली पडायचं. पुन्हा वर, पुन्हा धप्प. मग जरा दम घेतल्यासारखं थांबायचं आणि परत सुरू. शेवटी शेवटी नुसतं थरथरायचं. बटण बंद असलं तरी!

याच गाडीघरात मागच्या उन्हाळ्यात प्रणालीकाकूंचा नवरा गेला. प्रफुल्ल भरदुपारी गाडीतून काहीतरी आणायला शिरला असावा. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्याशी पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, एका क्षणात, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. या शेवटच्या वाक्यावर काकूंनी वर्ष काढलं होतं. रात्री डोळे मिटताना त्या ते मनात म्हणायच्या आणि मगच त्यांना झोप लागायची.

दार दुरुस्त करायला येऊन गेले ते सगळे हात टेकून गेले. एकानं चाकं बदलली, एकानं रुळांना तेल दिलं. तिसरा म्हणाला, "काकू, शांती करून घ्या."

"तुला स्प्रिंग कळत नाही आणि मला शांती शिकवून राहिला?" काकू कडाडल्या. "निघ बाप्पा तू!"

मग त्यांनी थेट संशोधन संस्थेला फोन लावला, ज्यांनी त्या स्प्रिंगचा धातू बनवला होता त्यांना. फोनवर त्या काय काय बोलल्या ते सांगण्यात अर्थ नाही, पण दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर ओवी टेंभुर्णे स्वतः दारात हजर झाली. चाळिशीची, उन्हानं लाल झालेली, खांद्यावर पेटी.

"पाणी पी आधी," काकू म्हणाल्या. "एवढ्या उन्हात येतात का, वेडी कुठली!"

"उन्हातच यायला हवं होतं, काकू. दार गार असताना काही बोलणार नाही."

ओवीनं कामाला हात घातला तो अगदी शाळेतल्या नियमासारखा. आधी बटण बंद. मग लांबूनच रूळ वाकलेत का, दोन्ही तारा सारख्या ताणल्या आहेत का ते पाहिलं. दाराच्या तळाशी दोन बाजूंना दोन काचेचे डोळे असतात, मधे कुणी आलं तर दाराला थांबवणारे. त्यांच्यावरची धूळ पुसली. मग बाहेरच्या बाजूची लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवलं, हातानं अर्ध्यावर नेलं आणि सोडून दिलं. दार तिथंच थांबलं, ना वर ना खाली.

"तोल उत्तम आहे. दारात काहीच बिघाड नाही," ओवी म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला.

"मग ते कोण हलवून राहिलं?"

"स्प्रिंग." ओवीनं दांड्याला पेटीतली एक चपटी पट्टी लांब काठीनं चिकटवली, दार खाली घेतलं आणि पुन्हा मोटरला जोडलं. "काकू, पूर्वी स्प्रिंगा ढिल्या पडायच्या, दारं वाकडी व्हायची, माणसं स्वतः दुरुस्त करायला जायची आणि हात गमावून बसायची. म्हणून आम्ही स्मरणधातू काढला. तापला की तो मऊ पडतो आणि त्याच्यावर जो ताण येईल तो शिकतो. दाराचं वजन, तुमची सवय, सगळं. पुन्हा तापला की शिकलेलं म्हणून दाखवतो."

"पोरं पाढे म्हणतात तसं?"

"तसंच. रोज थोडं थोडं शिकतो, पण एखाद्या फार तापलेल्या दिवशी मोठा ताण पडला, तर तो एका फटक्यात पाठ होतो. तुमच्या दाराला असलंच काहीतरी पाठ झालंय."

काकू अंगणाच्या पायरीवर बसल्या. कूलरची घरघर घरातून ऐकू येत होती. ऊन पांढरं झालं, आणि दार उचललं गेलं.

धप्प.

ओवीच्या हातातल्या पाटीवर रेघ उमटत गेली. ती रेघेकडे बघत होती आणि काकू तिच्याकडे. पहिल्या दोन उचलण्या एकसारख्या, गुळगुळीत. नंतरच्या वेड्यावाकड्या. एक मोठी, एक त्याहून मोठी, मग लहान, मग बराच वेळ काही नाही, मग एक अगदीच लहान. दार थरथरून थांबलं तसं ओवीनं पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

"स्प्रिंग बदलून टाकू," ती घाईनं म्हणाली. "उद्याच माणूस पाठवते. खर्च संस्थेचा."

"काय दिसलं त्यात?"

"काही नाही, काकू. जुना ताण."

"ओवी." काकूंनी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं होतं आणि लपवाछपवी त्यांना लांबून दिसायची. "मी म्हातारी आहे, कुक्कुलं बाळ नाही. सांग."

ओवीनं ओठ दाबले. नको त्या घरात नको ते यंत्र घेऊन आले, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. "पहिल्या दोन वेळा मोटरनं ओढलंय. आतलं बटण कुणीतरी दाबलं होतं. चाक रुळात अडकलेलं असावं, म्हणून दार पुरतं उघडलं नाही. नंतरचं ओढणं मोटरचं नाही." ती थांबली. "माणसाचं आहे. हातांनी, खालून वर."

काकूंच्या डोक्यात मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार लख्ख उभी राहिली. त्या आडव्या झालेल्या, आणि बाहेर दार धप्पकन वाजलं. पुन्हा वाजलं. प्रफुल्ल मागच्या खोलीत झोपलेला, निदान त्यांना तसं वाटलं. झोपमोड झाली की संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसायचा तो. उठेल ना मेला या आवाजानं, असं पुटपुटत त्या गेल्या आणि गाडीघराची वीज तोडणारं बाहेरचं बटण बंद करून आल्या. नियमच होता तो. लांब राहिल्या, हात लावला नाही, फोन केला. माणूस संध्याकाळी येतो म्हणाला. नंतरही दार थोडं वाजत राहिलं. मोटर निवून राहिली असेल, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. एवढ्या जाड दारातून हाक कुठली ऐकू येणार!

"मी बटण बंद नसतं केलं तर?" त्यांनी विचारलं. "मोटरनं उघडलं असतं?"

"ते असं सांगता येत नाही."

"तुला येतं."

ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोटर अडली की जरा थांबते आणि पूर्ण जोर लावते. बहुतेक उघडलं असतं, काकू."

काकू उठल्या, आत गेल्या आणि चहा टाकला. साखर सांडली नाही. मनात एकच चाललं होतं: कळलं होतं त्याला. सगळं कळलं होतं. आणि मी त्याची झोप मोडू नये म्हणून...

"बदलू नको स्प्रिंग," कप ठेवत त्या म्हणाल्या.

"काकू, हे रोज ऐकत बसणार तुम्ही?"

"तो होळीपासून एकटाच वाजवून राहिला. आता मी ऐकते." मग त्यांनी विचारलं, "जे पाठ झालंय ते पुसता येतं?"

"पुसलं जात नाही. पण म्हणून दाखवताना धातू तापलेलाच असतो, म्हणजे त्याच वेळी शिकतही असतो. त्या वेळी वेगळा ताण आला तर तो जुन्यावर गिरवला जातो. माणसाच्या आठवणीसारखंच. दरवेळी काढली की थोडी बदलते." बोलता बोलता ओवी चपापली. "पण तुम्ही दाराजवळ जायचं नाही हं. शपथ घ्या."

"नाही जाणार. लांबच राहीन. नियम माहीत आहे मला," काकू म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. दाराला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त बटणापाशी स्टूल घेऊन बसल्या. दार दोनदा गुळगुळीत उचललं गेलं. तिसऱ्यांदा ते वेडंवाकडं धडपडू लागलं, तसं काकूंनी बटण चालू केलं आणि दाबलं. मोटरनं दार सरसर वर नेलं. आत रिकामं गाडीघर होतं आणि भट्टीसारखी हवा तोंडावर आली.

"ये," काकू म्हणाल्या. "ये बाहेर. चालू आहे बटण." आणि रडल्या, अगदी मोठ्यानं, वर्षभराचं साचलेलं.

त्याच्या पुढच्या दिवशी तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी. जेवण, ताटं, मग स्टूल. धाकट्या बहिणीनं फोन करून विचारलं, दुपारी काय करतेस गं हल्ली? तर म्हणाल्या, उजळणी घेते. हळूहळू धडपड कमी झाली. वेड्यावाकड्या उचलण्या आधी लहान झाल्या, मग एकच उरली, मग तीही गेली. आता दार दोनदा उचललं जायचं आणि थांबायचं. वाट बघायचं. काकू बटण दाबायच्या.

एका दुपारी त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बटण बंद होतं, आणि दार उघडं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर ओवी पुन्हा आली. तिला रात्रीची झोप लागत नव्हती, तसं ती दारातच बोलून गेली. ओट्यावर नवी कोरी मातीची घागर पालथी पडलेली होती. घरातलं माणूस गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं घागर भरतात, हे ओवीला ठाऊक होतं.

"भरली नाही, काकू?"

"आणली होती. मग म्हटलं, काहून भरायची? गेलेल्याची भरतात ती."

ओवीनं पेटी उघडली. बटण बंद असल्याची दोनदा खात्री केली, पट्टी चिकटवली आणि दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या. काकूंनी चहाचे तीन कप मांडले. ऊन पांढरं झालं. दार एकदा उचललं गेलं, दोनदा उचललं गेलं. क्षणभर थांबलं. मग मोटर बंद असताना, कुणी हात लावला नसताना, सावकाश पूर्ण वर गेलं. आतली गरम हवा अंगणात आली आणि खिडकीचा पडदा हलला. थोड्या वेळानं दार आवाज न करता खाली आलं.

ओवी पाटीकडे बघत राहिली. "इथं धडपडच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "काकू, या रेघेप्रमाणे त्या दिवशी मोटरनं दार उघडलं. वेळेवर उघडलं! उद्या कुणीही ही स्प्रिंग तपासली तरी हेच निघेल. हे खरं नाही. तुम्हाला कळतंय ना, हे..."

"हळू," काकू म्हणाल्या.

"काय?"

"हळू बोल गं बाई." काकूंनी मागच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि तिसऱ्या कपावर बशी झाकली. "उन्हातून आलाय, दमलाय. जरा पडू दे त्याला. झोपमोड झाली की संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतो."

ओवीनं त्या दाराकडे पाहिलं. तिच्या तोंडचं वाक्य अर्धवट राहिलं होतं. ते तिनं पुरं केलं, पण कुजबुजत.