तिने न घेतलेलं नाव

बर्फाच्या पडद्याआडून दिवे दिसले म्हणून जिबेकने हात केला, आणि थांबली ती कोळशाची गाडी. शाळेला आधीच उशीर झालेला. नारीन शहरातून नुकतीच या गावात आलेली इतिहासाची शिक्षिका अंगात पांढरा कोट घालून सीटला टेकून बसली. शाळेपाशी उतरली, तेव्हा गाडीवाल्याने तोंड फिरवून हसू दाबलं.

"ताई, कोट काढून आत जा. नाहीतर पोरं तुमच्या पाठीवर खडूने गणितं सोडवतील."

"ताई कुणाला म्हणता? तुमच्याहून लहान आहे मी."

"शिक्षिकेला सगळं गाव ताईच म्हणतं."

"गावाला म्हणू दे... तुम्ही नका म्हणू." बोलून गेली, आणि मग शाळेच्या दारापर्यंत मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

गाडीवाल्याचं नाव एल्दियार. गाडी होती अफगाण युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेची. ही संघटना त्याच्या वडिलांनी, तेमिर यांनी उभी केली होती. लढाईहून आलेले जवान तेव्हा घराघरांत तोंड लपवून, बाटलीला कवटाळून बसले होते. तेमिरनी एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं, नदीवर पूल बांधायला लावला. मोडायला शिकलो, आता बांधायला शिकू, एवढंच ते म्हणाले होते. पुढे रस्त्यावरचा बर्फ काढणं, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या दारात कोळसा टाकणं, सगळं या माणसांच्या अंगवळणी पडलं. तेमिर गेले, आणि गाडी मुलाच्या हाती आली.

सैन्य परतल्याचा दिवस फेब्रुवारीत, तेव्हा शाळेत कार्यक्रम असतो. यंदा संघटनेचा इतिहास सांगायचं काम अध्यक्ष जुमाबायकाकांनी जिबेकच्या गळ्यात मारलं. ती घरोघर हिंडू लागली. गाडी अर्थातच कोळशाची, आणि कोट आता काळा. म्हातारे सैनिक दोन वाक्यं बोलून गप्प व्हायचे, उरलेलं एल्दियार वाटेत सांगायचा. थर्मासच्या एकाच झाकणातून दोघं चहा प्यायची. झाकण देताघेता बोटं लागायची... आणि मग दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघू लागायची.

कार्यक्रमाला आठवडा उरला असताना त्याने सांगितलं, कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी तो रशियाला चाललाय. चुलतभावाने बांधकामावर बोलावलंय.

"परत कधी?"

"दोनतीन वर्षं तरी नाही."

"कुणाला वाट बघायला सांगून चाललात?"

"कोळसेवाल्याची वाट कोण बघणार?" तो म्हणाला, आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला.

जिबेकचं डोकं सणकलं. याची जीभ उचलत नाही, आणि मुलीने आधी बोलायचं नाही, हा कुठला न्याय? तिथंच तिने मनाशी गाठ मारली. काय वाटेल ते होवो, हा न ऐकता जाणार नाही.

शाळेचा हॉल खचाखच भरला होता. पहिल्या रांगेत छातीवर पदकं लावलेले सैनिक, मागे बायका, दाराशी एल्दियार. जिबेक छान बोलत होती. बोलता बोलता पुलाशी आली.

"मग या लोकांनी नदीवर तो... तो कठीण पूल बांधला."

सगळं गाव त्याला लोखंडी पूल म्हणतं. माणसं चुळबुळली. ती पुढे म्हणाली, "आणि या सगळ्यांना एकत्र आणलं, ते..." इथे ती थांबली.

पोर नाव विसरली असं वाटून जुमाबायकाकांनी हळूच सांगितलं, "तेमिर."

"ठाऊक आहे, काका." तिची मान ताठ होती. "ते आमचे थोरले."

म्हाताऱ्या बायकांना आधी उमगलं. इथे सून सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव ओठांवर आणत नाही. तेमिर म्हणजे इथल्या भाषेत लोखंड, म्हणून लोखंडालाही ती दुसरा शब्द शोधते. शहरातल्या पोरींनी ही रीत कधीच सोडली, आणि ही शहरातली पोर बिनलग्नाची, भर सभेत ती पाळत होती. एकीने एल्दियारच्या आईला कोपराने ढोसलं. एल्दियार कानापर्यंत लाल झाला. जुमाबायकाका तेवढे अजून तिने नाव घ्यायची वाट बघत होते.

भाषण संपताच एल्दियारने तिला बाहेर गाठलं.

"हे काय केलंस?"

"इतिहास सांगितला."

"चेष्टा नको. अजून वेळ आहे. आत जा, म्हण नाव विसरले होते. एकदा नाव घे आणि मोकळी हो. चार दिवस हसतील लोक, मग विसरतील."

"मी नाही विसरणार." तिचे डोळे भरून आले होते, पण ती हटली नाही. "तुम्ही खुशाल रशियाला जा. गाडी चालवायला मी शिकेन, कोळसा मी टाकेन. पण ते नाव आता या जन्मात माझ्या तोंडून निघायचं नाही."

एल्दियार भिंतीला टेकला. आत त्याची आई सून कुठे गेली म्हणून विचारत होती.

"ती गाडी शिकायला अख्खा हिवाळा लागतो," तो म्हणाला.

"लागू दे."

"शिकवायला मला इथंच राहावं लागेल."

"मी कुठे अडवलंय?"

तो भिंतीपासून दूर होऊन तिच्याजवळ आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग... आजपासून माझंही नाव घेऊ नकोस."