ओवाळणीत आलेला तंबू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे आमच्या भिंगारच्या देवश्रीच्या बाबतीत घडलंय, आणि मी पदरचं काही घालत नाहीये.

गेल्या दिवाळीनंतरचा शनिवार. पारनेर तालुक्यातल्या एका धरणाचा काठ.

तंबू दिला होता तिच्या धाकट्या भावानं, वरदनं. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून! आई गेल्यावर देवश्रीनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. बाई नुसती हरखून गेली होती.

"ताई, चौघांचा घेतलाय. तुम्हा तिघांना ऐसपैस होईल," वरद म्हणाला होता. "आत उभं राहता येतं, खिडक्यांना जाळी आहे, हवेची गादी पण दिलीय. रुचाला आवडेल बघ."

रुचा म्हणजे देवश्रीची सहा वर्षांची लेक.

दिवस मावळायला आला होता. नवरा अनिमेष गाडीतून सामान काढत होता. देवश्री बाहेर शेगडीवर चहा ठेवत होती. रुचा आत गादीवर उड्या मारत होती.

उड्या थांबल्या.

मग... गादी पुन्हा कुरकुरली. हळू. कुणी जड माणूस बसावं तशी.

"रुचा, बाबा आत आलेत का गं?"

"नाही. ते गाडीपाशी आहेत ना."

देवश्रीनं जाळीतून पाहिलं. रुचा एका कडेला अंग चोरून बसलेली. गादीची दुसरी कड पार जमिनीला टेकलेली.

तिथं कुणीच नव्हतं...

तिनं पोरीला ओढून बाहेर काढलं आणि वरदला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"रुचा आत जाऊन बसली का?"

हॅलो नाही, काही नाही.

"तुला कसं माहीत? वरद, काय आहे हे?"

तो रडायला लागला. "तंबू नवा नाहीये गं. गेल्या वर्षी मी मित्रांबरोबर याच तंबूत राहिलो होतो. तेव्हापासून कुणीतरी रोज माझ्याजवळ येऊन बसतो, दिसत नाही. डोळ्याला डोळा नाही लागला, ताई. ही वस्तू दुसऱ्यानं आनंदानं घेतली तरच तो जातो म्हणतात. माझ्या हातचं तुझ्याइतकं आनंदानं कोण घेणार?"

"अरे मेल्या, रुचा आहे माझ्याबरोबर!"

"तो लहान पोरांत लवकर रमतो," वरद म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

तंबू, गादी, उकळता चहा... सगळं तिथंच टाकून ते गाडीत बसले. मागच्या सीटवर रुचा एकटीच. तरी दाराला चिकटलेली.

"मधे सरक गं, बाळा."

"जागा नाहीये, आई..."

आता वर्ष व्हायला आलं. वरद चांगला घोरत झोपतो म्हणे. रुचा मात्र पलंगाच्या अगदी कडेला झोपते, आणि तिच्या पलीकडे हात न्यायची देवश्रीची हिंमत होत नाही. उपाय सगळे करून झाले.

त्या बसणाऱ्याबद्दल देवश्री चकार शब्द काढत नाही. भाजी चिरता चिरता मधेच थांबते आणि एवढंच म्हणते, "मला सांगून दिलं असतंस तर मी घेतलं असतं रे. माझ्या पोरीला कशाला?"